कोणती फट बुजवायची

पुण्यात सरफेसिंग, म्हणजे संगणकावर वस्तूंचे पृष्ठभाग घडवण्याचं काम, करणारी माझ्या वयाची बहुतेक माणसं गाड्यांच्या प्लास्टिकवर घडली. मीही त्यांतलीच. दाराच्या आतलं ट्रिम, डॅशबोर्ड, बंपर. चाकण-भोसरीच्या टूलरूमला डेटा द्यायचा आणि मोल्डचं पोलाद कापायला लागले की आपण पुढच्या पार्टकडे वळायचं. या कामाने डोळ्यांना एक खोड लागते. दोन पृष्ठभाग भेटतात तिथे स्क्रीनवर झेब्राचे काळे-पांढरे पट्टे टाकायचे आणि ते सांध्यावरून न अडखळता जातात का, हे बघत बसायचं. शोरूमच्या दिव्याखाली बंपरवरची प्रकाशाची रेघ मोडलेली दिसू नये, एवढ्यासाठी आम्ही रात्री जागवल्या आहेत.

नोकरी सोडून घरून कामं घ्यायला लागल्यावर एका ओळखीच्या पशुवैद्यांनी कुत्र्याच्या पायाच्या ब्रेसची फाईल पाठवली. सोबत निरोप : ‘मॉडेल तयार आहे, फक्त थोड्या गॅप आहेत, तेवढ्या भरून द्या.’ माझा अनुभव असा, की ‘फक्त’ म्हणून आलेल्या कामाचे पैसे आधी ठरवून घ्यावेत. ते मी घेतले, मग फाईल उघडली.

कुत्र्याचं नाव शेरा. आई गावठी, बाप बहुधा सोसायटीतल्या कुणाचा तरी लॅब्रॅडॉर. वय अकरा. मांजराच्या मागे गॅलरीतून पत्र्यावर आणि पत्र्यावरून खाली फरशीवर, अशी उडी त्याने मारली. पुढच्या पायात आपल्या मनगटाच्या जागी जो सांधा असतो त्याला कार्पस म्हणतात. त्याच्या मागच्या अंगाचे अस्थिबंध फाटले. धडधाकट कुत्रा उभा राहतो तेव्हाही हा सांधा सरळ रेषेच्या पलीकडे साधारण दहा अंश झुकलेला असतो, ते नैसर्गिकच. शेराचा सांधा इतका खचला होता की एरवी हवेत राहणारी मागची गादी चालताना जमिनीला टेकत होती. कुत्र्याच्या वजनातला साठेक टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो, त्यामुळे ‘जरा आराम दे पायाला’ असं त्याला सांगून भागत नाही. अशा दुखण्यात शस्त्रक्रिया करून धातूची पट्टी आणि स्क्रू लावून सांधा कायमचा जखडून टाकतात. शेराच्या हृदयाचं दुखणं जुनं, भूल देण्यात धोका होता. म्हणून ऑर्थोसिस : पाय आहेच, त्याला बाहेरून आधार द्यायचा.

माप घेतलं होतं एका मामांनी. मामा मूळचे माणसांच्या कॅलिपर आणि जयपूर फूटवाले. या शहरात लष्कराचं आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४ पासून आहे आणि प्लास्टर, कानस, चामड्याचे पट्टे यांवर हात बसलेली माणसं इथे सापडतात. हा मामांचा पहिला कुत्रा नव्हता. त्यांची पद्धत जुनीच. पायावर मोजा चढवायचा, पुढच्या बाजूने उभी रबरी नळी ठेवायची, वरून पीओपीच्या ओल्या पट्ट्या गुंडाळायच्या. प्लास्टर धरलं की नळीवरून कापायचं आणि साचा शिंपल्यासारखा उघडून पाय बाहेर घ्यायचा. मग त्या पोकळ साच्यात प्लास्टर ओतून भरीव पाय तयार करायचा. त्या पायावर खरं काम असतं. जिथे हाड कातडीलगत आहे तिथे प्लास्टर चढवायचं, म्हणजे पुढे ब्रेसमध्ये तेवढी मोकळी जागा मिळते. जिथे मांस दाब सोसतं तिथे कानशीने थोडं उतरवायचं. शेराच्या केसांवर सरळ स्कॅनर फिरवून बघितला होता म्हणे, पण काळे केस प्रकाश गिळतात आणि कुत्रा श्वास घेतो, हलतो. हाती आला तो नुसता धुरळा. म्हणून प्लास्टरचा पाय स्कॅन झाला. त्या स्कॅनवरून दुसऱ्या कुणीतरी सॉफ्टवेअरच्या एका बटणात पृष्ठभाग काढले, त्यावर ब्रेस उभा केला आणि आयजीईएस फाईल करून पाठवून दिली. मूळ स्कॅन सोबत नव्हता.

आयजीईएस हे स्वरूप १९८० सालचं. पृष्ठभाग एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्याचं काम त्याने इमानाने केलं आहे, पण नेताना शेजारसंबंध बहुधा तुटतात. इथला पत्रा तिथल्या पत्र्याला जोडलेला होता ही माहिती पोचत नाही, सुटे पत्रे पोचतात. राइनो या मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये फाईल उघडून सगळं जोडलं आणि उघड्या कडा दाखवायला सांगितल्या. स्क्रीनभर गुलाबी रेघा. ज्या कडेला शेजारी नाही ती उघडी कड. बंद घनाकृतीत अशी एकही असता कामा नये, कारण आत कुठलं आणि बाहेर कुठलं हे यंत्राला त्यावरूनच कळतं. ते कळलं नाही तर थ्रीडी प्रिंटरला प्लास्टिक कुठे भरायचं हेही कळत नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण बाहेरच्यांना वाटतं की फट म्हणजे कुणाचा तरी ढिसाळपणा. तसं दर वेळी नसतं. आपण वापरतो तसले दोन साधे वक्र पृष्ठभाग, दोन्ही दिशांना तिसऱ्या घाताचे, एकमेकांना छेदतात ती रेषा नेमक्या बीजगणितात लिहायची तर समीकरण ३२४ घाताचं होतं. ते कुठलंही सॉफ्टवेअर लिहीत नाही. ते जवळपासची एक रेषा काढतं आणि अमुक टॉलरन्समध्ये ही दोन्ही पृष्ठभागांवर आहे असं मान्य करून पुढे जातं. म्हणजे कापून जोडलेल्या प्रत्येक कॅड मॉडेलमध्ये फटी असतातच, फक्त ठरवलेल्या मापापेक्षा लहान. संगणकचित्रांच्या दुनियेतलं सर्वांत प्रसिद्ध मॉडेल म्हणजे युटा विद्यापीठात मार्टिन न्यूएलने १९७५ मध्ये केलेली चहाची किटली. मूळच्या त्या २८ तुकड्यांच्या किटलीला तळच नव्हता. चित्रापुरतं चाललं, कारण त्यात कुणी चहा ओतणार नव्हतं.

शेराच्या फाईलमधल्या निम्म्याहून जास्त गुलाबी रेघा या केसाएवढ्यासुद्धा नव्हत्या. मोजल्या तर मिलिमीटरच्या हजारांशात. कुठे ०.००४, कुठे ०.०१. फाईलची टॉलरन्स होती ०.००१, म्हणून सॉफ्टवेअर नाही म्हणत होतं. हा ब्रेस ज्या नायलॉनच्या भुकटीतून छापायचा तिचा एकेक थरच मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असतो. इतकी बारीक फट त्यात उमटणारच नाही. वर त्या कवचाच्या आत ईव्हीए फोमचं तीन मिलिमीटरचं अस्तर. गाड्यांच्या दिवसांत अशा प्रत्येक फटीमागे मी गेले असते, दोन्ही पृष्ठभागांचे बिंदू सारखे केले असते. इथे कडा नव्याने बांधून सरळ जोडून टाकल्या. त्यात कमीपणा वाटायचं कारण नाही. शुद्धतेचा हट्ट कुठे धरायचा, हे पार्ट ठरवतो.

टॉलरन्स मात्र सैल केली नाही. हा मोह फार मोठा असतो. ०.००१ चं ०.५ करा, जोडा म्हणा, गुलाबी रेघा नाहीशा. किंवा जबरदस्तीने कडा जोडणारी आज्ञा आहे, तीही फट कितीही असो, ‘जोडलं’ म्हणते. प्रत्यक्षात पृष्ठभाग जागचे हलत नाहीत, दोन वेगळ्या कडांना एक समजायचं असा फक्त करार होतो. पळसाच्या पानांना काड्या टोचून केलेली पत्रावळ लांबून अखंड दिसते, आमटी वाढली की कळतं. इथेही पुढे जाडी द्यायला, कडा गोल करायला, पट्ट्याची खाच पाडायला गेलं की फाटतं ते नेमकं तिथेच.

हजारांशातल्या फटी निघाल्यावर खऱ्या उरल्या. दोन-अडीच मिलिमीटरपर्यंतच्या, डोळ्यांना दिसणाऱ्या. गंमत अशी की त्या सगळ्या एकाच पट्ट्यात दाटल्या होत्या, कार्पसच्या भोवती. वरच्या नळीसारख्या सरळ भागात एकही नाही. अशी दाटी दिसली की मी आज्ञा देणं थांबवते आणि काही वेळ नुसतं मॉडेल फिरवत बसते. फट जिथे दिसते तिथे ती बहुतेक वेळा जन्मलेली नसते.

आधी त्रिकोणी भोकाचं सांगते. पायाच्या आतल्या अंगाला कुत्र्याला एक वर राहिलेली नखी असते, तिच्यासाठी ब्रेसला खिडकी ठेवली होती. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात तीन पृष्ठभाग भेटायचे होते आणि न भेटता मध्ये त्रिकोण सोडून थांबले होते. आपण वापरतो ते पृष्ठभाग, नर्ब्स म्हणतात त्यांना, मुळात चार बाजूंचे असतात. त्रिकोण भरायचा तर एक बाजू चिमटून एका बिंदूत आणावी लागते आणि त्या बिंदूपाशी पृष्ठभाग चुरगळतो. पॅच मारून बघितला. भोक बुजलं, कडा जुळल्या, पण मध्ये आतल्या बाजूला मिलिमीटरभर फुगवटा. स्क्रीनवर तो कुणाला खटकला नसता. तो होता मात्र बरोबर नखीच्या मुळाशी, जिथे प्रत्येक पावलाला घासलं असतं. मामांना फोनवर विचारलं, आत तीन मिलिमीटर फोम आहे, एक मिलिमीटर खपून जाईल का? ते म्हणाले, “ताई, फोम महिन्याभरात दबतो. दबला की तुमचा एक तसाच राहतो.”

मग त्रिकोण भरण्याचा नाद सोडला. शेजारच्या मोठ्या पृष्ठभागाचे सगळे काप काढून तो मूळच्या अखंड रूपात आणला, कडेने वाढवून खिडकीच्या पलीकडे नेला, मधले दोन फुटकळ तुकडे उडवून दिले आणि खिडकी पुन्हा नव्याने कापली. तीन कडा भेटायचा प्रश्नच उरला नाही. जोड जितके कमी तितकं बरं, हे गाड्यांतही खरं आहे. तिथे डिझायनरची रेषा हलवता येत नाही म्हणून जोड सोसावे लागतात. शेराला स्टाइलिंगचा विभाग नव्हता.

सगळ्यांत जास्त वेळ खाल्ला तो कार्पसच्या मागच्या दोन फटींनी. दोन्ही बाहेरच्या पृष्ठभागावर, दोन्ही दिसायला जुळ्या. लांबट, मध्ये रुंद, टोकांना निमुळत्या. एक सांध्याच्या अगदी मागे, दुसरी तिच्या वर, पाय किंचित बारीक होतो तिथे.

ब्रेसचा आतला पृष्ठभाग पायावरून येतो. त्याला साडेतीन मिलिमीटर बाहेर सरकवलं की बाहेरचा मिळतो, मधली जागा म्हणजे कवचाची जाडी. याला ऑफसेट म्हणतात. पायाच्या उंचवट्यांवर ऑफसेट सुखाने होतो, कारण बाहेर सरकताना गोलाई मोठी होत जाते. खळग्यात उलट होतं. बाहेर सरकताना गोलाई आकसते, आणि खळग्याची त्रिज्याच जाडीपेक्षा कमी असेल तर पृष्ठभाग स्वतःवरच उलटून पडतो. दोन मिलिमीटर त्रिज्येच्या खळग्यातून साडेतीन मिलिमीटरचा ऑफसेट कसा निघणार? आधीच्या माणसाने उलटून पडलेला भाग कापून टाकला होता आणि बाहेर राहिलेल्या भोकावर पॅच मारायचा प्रयत्न करून सोडून दिला होता. त्या फटीत मी जन्मभर पॅच मारत बसले असते तरी उपयोग नव्हता. दुरुस्ती आत व्हायला हवी होती, पायाच्या खळग्यात.

पण पायाचा खळगा म्हणजे पाय. त्यात मी हात कसा घालणार? स्क्रीनवर मला फक्त एवढंच दिसत होतं की इथे दरी आहे. ती कुत्र्याला हवी आहे की नको, हे त्रिज्या मोजून कळत नाही. म्हणून लॅपटॉप घेऊन मामांच्या खोलीवर गेले. शेराचा प्लास्टरचा पाय फळीवर होता, कडेला पेन्सिलीने लिहिलेलं नाव. मी स्क्रीनवर फट दाखवली. त्यांनी स्क्रीनकडे नीट बघितलंही नाही. पाय हातात घेतला, अंगठा मागच्या बाजूने फिरवला आणि थांबवला.

“ही ना? इथे मागे एक हाड बाहेर येतं त्याचं. त्यावर मी प्लास्टर चढवलंय. चढवलेलं जिथे संपतं तिथे ही घळ पडली. हा खळगा शेराचा नाही, माझा आहे.”

“मग भरू?”

“भरा की. मीच कानस मारून गोल करणार होतो, पण तेवढ्यात स्कॅनवाला मुलगा आला.”

आणि वरची? वरच्या फटीवर अंगठा गेला तेव्हा मामांनी मान हलवली. “तिथे हात लावू नका. तिथे ब्रेस धरतो.”

कुत्र्याचा पुढचा पाय कोपरापासून खाली निमुळता होत जातो. त्यावर चढवलेली कुठलीही नळी चालताना खाली घसरणार, हे ठरलेलं. तिला अडवायला कार्पसचा रुंदावा आणि त्याच्या वरची बारीक कंबर, एवढंच हातात असतं. कवचाने ती कंबर आतून नीट पकडली तर पट्टे फार आवळावे लागत नाहीत. खळगा भरून गुळगुळीत केला असता तर फट मिटली असती, फाईल बंद झाली असती, छापलीही गेली असती, आणि ब्रेस मोज्यासारखा पंजावर येऊन बसला असता. मग शेराला सांभाळणाऱ्या काकूंनी तो जागेवर राहावा म्हणून पट्टे आवळले असते आणि आवळलेल्या पट्ट्याखाली कातडी सोलली असती.

म्हणून त्या दोन जुळ्या फटींना दोन उलटी औषधं. खालच्या ठिकाणी आतला खळगाच पाच मिलिमीटर त्रिज्येने गोल करून टाकला, त्यावरून ऑफसेट एका फटक्यात निघाला. वरच्या ठिकाणी आतला पृष्ठभाग केसभर हलवला नाही. तिथे ऑफसेटचा आग्रह सोडला. बाहेरून स्वतंत्र रेषा काढून त्यांवर एक वेगळाच मऊसूत पृष्ठभाग ताणला, तो सगळीकडे आतल्यापासून निदान साडेतीन मिलिमीटर लांब राहील इतकं बघितलं. दरीच्या वर जाडी पाचच्या पुढे गेली. जाऊ दे. सगळीकडे सारखी जाडी हा मोल्डिंगचा नियम आहे, तिथे जाड भाग उशिरा थंड होतो आणि वर खड्डा पडतो. भुकटीतून छापताना त्याची तेवढी धास्ती नाही. गाड्यांतला कोणता नियम इथे कामाचा आणि कोणता नुसती सवय, हे मला या एका पार्टने जितकं नीट दाखवलं तितकं कुणी दाखवलं नव्हतं.

झेब्राचंही तसंच. बाहेरून करडं, खरखरीत नायलॉन, त्यावर प्रकाशाची रेघ कोण शोधणार? बाहेरचे सांधे नुसते स्पर्शरेषेत आणून सोडून दिले. झेब्रा लावला तो आतून. आतल्या सांध्यावर बारीकशी धार राहिली तर फोम दबल्यावर ती कातडीवर उमटते. कवचाच्या वरच्या आणि खालच्या काठाला बाहेर वळवून गोलाई दिली, नाहीतर पाय वाकताना काठ मांसात रुततो. हे काम गुलाबी रेघांच्या यादीत कुठेच नव्हतं. फाईल त्या बाबतीत निर्दोष होती.

कुतूहल म्हणून मूळ फाईलची एक प्रत एसटीएल करून आपोआप दुरुस्ती करणाऱ्या प्रोग्रामला दिली. एसटीएल हे १९८७ मध्ये थ्रीडी सिस्टिम्सने आणलेलं स्वरूप, आजही प्रिंटिंगवाले हेच मागतात. ते इतकं साधं आहे की थक्क व्हावं. नुसते त्रिकोण. प्रत्येक त्रिकोण आपले तीन कोपरे आणि तोंड कुठल्या दिशेला एवढंच सांगतो. शेजारी कोण हे सांगत नाही. मापं मिलिमीटरमध्ये की इंचांत हेसुद्धा सांगत नाही. तर, प्रोग्रामने एका बटणात सगळं भरलं आणि चुका शून्य असा दाखला दिला. मॉडेल फिरवून बघितलं तर नखीची खिडकी सपाट पत्र्याने बंद. तिच्या जाडीच्या भिंती फाईलमध्ये नव्हत्या, म्हणून त्याने खिडकीला भोक समजून बुजवलं. त्याच्या हिशेबाने ते बरोबरच होतं. दाखला बघून तसंच छापायला पाठवणारी माणसं मी पाहिली आहेत. दोष बटणाचा नाही.

“कुत्र्यासाठी एवढं?” हा प्रश्न घरापासून बँकेपर्यंत सगळीकडे ऐकला. उत्तर द्यायच्या भानगडीत मी पडत नाही. जयपूरचे पशुवैद्य डॉ. तपेश माथूर पाय गमावलेल्या गायींना कृत्रिम पाय बसवतात, त्यांनाही हे कुणी ना कुणी विचारलंच असेल. काकूंनी मात्र मला वेगळाच प्रश्न विचारला होता : “अगं, त्याला खाजवता येईल ना त्यातून?” तो प्रश्न मी गंभीरपणे घेतला. हवेसाठी ठेवलेली भोकं त्यामुळेच मोठी झाली.

छापून आलेला ब्रेस बसवायला आम्ही काकूंच्या पार्किंगमध्ये जमलो. मामांनी खिशातून लिपस्टिक काढली. त्यांच्या धंद्यातली ही जुनी युक्ती : हाड जिथे टोकदार तिथे कातडीवर ठिपका द्यायचा, वर ब्रेस चढवायचा, चालवायचं, काढायचं, आणि आत रंग कुठे लागला ते बघायचं. शेराचे केस थोडे कातरून मागच्या हाडावर आणि बाहेरच्या अंगाच्या हाडावर ठिपके दिले. शेराला लिपस्टिक चाटायची होती, ब्रेसचं त्याला काही नव्हतं. चालला. पहिली पावलं उंच उचलून, कुत्री नव्या मोज्याने चालतात तशी, नंतर सरळ. मागची गादी जमिनीपासून वर राहिली. काढून बघितलं तर मागच्या हाडाचा रंग फोमला लागलेला नव्हता. बाहेरच्या हाडाचा लागला होता, पुसट. मामांनी तिथे गरम हवेचा झोत मारून फोम दाबला आणि विषय संपला.

एक फट मात्र तिथेच सापडली. शेरा खाली बसला की ब्रेसच्या वरच्या काठामागे माझं बोट सहज आत जात होतं. उभा राहिला की बंद. साचा त्याला कुशीवर झोपवून घेतला होता. झोपलेल्या, उभ्या आणि बसलेल्या कुत्र्याचा पाय एकसारखा नसतो, आणि फाईलमध्ये यांतला एकच होता. स्क्रीनवर त्या जागी एकही गुलाबी रेघ नव्हती, असणारही नव्हती. मामांनी वरचा पट्टा दोन बोटं खाली घेतला आणि मागे फोमची एक पाचर चिकटवली. बोट आत जायचं थांबलं. मी फाईलमध्ये खाच नव्या जागी नेली, पुढच्या छपाईसाठी.

काकूंना वैद्यांनी दिलेल्या सूचना सोप्या होत्या. सुरुवातीला थोडाच वेळ घालायचा, काढल्यावर कातडी बघायची, लाली टिकून राहिली तर कळवायचं, रात्री काढून ठेवायचा. पुण्याच्या पावसाळ्याचा एक मुद्दा मी माझ्याकडून घातला : ओला फोम पायावर राहू देऊ नका, वाळवल्याशिवाय पुन्हा चढवू नका. शेरा आता ब्रेस घालून जिना चढतो. उतरायला काकू देत नाहीत.

त्यानंतर अशा फाईली येत राहिल्या आणि मी त्या घेते. पाठवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. नुसती आयजीईएस पाठवू नका, मूळ स्कॅन सोबत द्या. मापं मिलिमीटरमध्ये आहेत असं निरोपात लिहा. साचा उभ्याने घेतला की झोपवून, तेही लिहा. प्लास्टर कुठे चढवलं आणि कुठे उतरवलं त्या जागा पेन्सिलीने रंगवून फोटो काढा. आणि कुत्रा चारही पायांवर उभा असताना बाजूने काढलेला एक फोटो जोडा, कॅमेरा त्याच्या गुडघ्याच्या उंचीवर धरून. कडा जोडायला मला तासभर पुरतो, बाकीचा सगळा वेळ हे विचारत फिरण्यात जातो.